सरचूचं हॉटेल आणि माझे ६४,८०० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण नातेवाइकांत तो रोज फुगतोय. ६४,८००. लाख नाही, दीड लाख तर नाहीच. एका बनावट टूर एजंटकडे चार वेळा गेले: ३८,४००, मग ६,६००, मग १५,००० आणि शेवटी ४,८००. मनाली-लेह रस्त्यावरून एक मीटरही न जाता.

‘एवढं शिकून कसे फसलात’ असं विचारणाऱ्यांनी पुढचं वाचावं. मी आंधळेपणाने पैसे टाकणारा नाही. या रस्त्याचा एकेक मुक्काम मला पाठ होता. टंडीच्या पंपावर टाकी भरून घ्यायची, कारण पुढे ३६५ किलोमीटर पंप नाही असं तिथला फलकच सांगतो. पहिल्या रात्री जिस्पा, म्हणजे शरीराला उंचीची थोडी सवय होते. मग बारालाचा, सरचू, नकी ला, लाचुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड), पांग, मोरे मैदान आणि शेवटी १७,००० फुटांच्याही वरचा टांगलांग ला. हे सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. फक्त गाडी आणि मुक्काम कुणाकडून तरी बुक करायचे होते.

त्या एजंटची जाहिरात मोबाइलवर आली. लोगो, ग्राहकांचे अभिप्राय, बर्फाच्या भिंतींमधून जाणाऱ्या गाडीचा व्हिडिओ, सगळं जागच्या जागी. सहा जणांसाठी इनोव्हा, वाटेत दोन रात्री, लेहमध्ये मुक्काम आणि त्याच गाडीने नुब्रा-पँगाँग, मिळून ९६,०००. हा दर बाजारापेक्षा थोडासाच कमी होता, हे लक्षात घ्या. साठ हजार सांगितले असते तर मीच फोन ठेवला असता. ‘स्वस्ताच्या मोहाला बळी पडला’ हे माझ्या बाबतीत कुणी म्हणू नये.

चाळीस टक्के आगाऊ, म्हणजे ३८,४००. ते देण्याआधी मी मुक्कामाचे फोटो मागितले. तेव्हा सरचूच्या हॉटेलचा फोटो आला.

तो फोटो आजही मोबाइलमध्ये आहे, पुरावा म्हणून. तीन मजली इमारत, लाकडी सज्जे, खोलीत हीटर आणि गीझर. इमारतीच्या मागे देवदारांची गर्द रांग. सरचूला. सरचू चौदा हजार फुटांवर आहे, हिमाचल आणि लडाखच्या सीमेवर. उन्हाळ्यात तिथे तंबू ठोकतात, थंडी सुरू झाली की गुंडाळून खाली नेतात. त्या उंचीवर देवदार उगवतच नाही. चहूकडे उघडे डोंगर, माती, दगड आणि वारा. मी या जागेचे शेकडो फोटो पाहिले होते, एकाही फोटोत झाडाची सावली नव्हती. आणि मी तो हिरवागार फोटो बोटांनी मोठा करून बघितला, गीझर खरंच आहे का ते पाहायला!

मी विचारलं नाही असंही नाही. “सरचू में तो सिर्फ टेंट होते हैं ना?” तो एका क्षणात म्हणाला, “सरजी, पिछले सीझन में नया बना है, अभी नेट पर नहीं आया.” झालं. मेहुणा शेजारीच बसला होता, म्हणाला, “बरं झालं, आईंना तंबूत झोपवायचं टेन्शन होतंच.” सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास. सरचूच्या तंबूत रात्री डोकं दुखतं, झोप लागत नाही हे सगळीकडे वाचलेलं, त्यामुळे पक्क्या भिंतींची खोली हवीच होती. त्या माणसाने नेमकं ते ओळखलं आणि जे त्या रस्त्यावर नाहीच, तेच मला विकलं. मागचं जंगल मला दिसत होतं. हॉटेलवाले फोटो कुठलेही टाकतात, अशी मीच मनात त्याची वकिली केली.

पैसे पाठवताना पडद्यावर कंपनीचं नाव आलं नाही, कुणा बाईचं आलं. “अकाउंट्सवाली मॅडम हैं.” बरं.

त्यानंतर परमिट. माणशी ११००, सहा जणांचे ६,६००. आता हे नीट वाचा. मनाली-लेह रस्त्यासाठी भारतीय पर्यटकाला माणशी परमिट लागत नाही. रोहतांग खिंड टाळणाऱ्या अटल बोगद्यातून जाणाऱ्याला रोहतांगचं परमिटही लागत नाही, आणि नऊ किलोमीटरचा हा बोगदा ऑक्टोबर २०२० पासून चालू आहे. रोहतांग खिंडीतूनच जायचं असेल तर परमिट गाडीचं असतं, माणसाचं नाही, आणि ते सरकारी संकेतस्थळावर मिळतं. नुब्रा-पँगाँगसाठी भारतीयांना २०२१ पासून इनर लाइन परमिट, म्हणजे सीमाभागात जायचा परवाना, लागत नाही. पर्यावरण शुल्क वगैरे असतं, ते स्वतः ऑनलाइन भरता येतं. बोगद्याचं मला माहीत होतं, मी त्याला म्हणालोही. “त्या आठवड्यात बोगद्यात काम चालू आहे, व्यावसायिक गाड्या वरून, खिंडीतून सोडणार आहेत,” असं त्याने सांगितलं. रस्त्याची खरी स्थिती जिल्हा पोलीस आणि सीमा रस्ते संघटना जाहीर करतात. तिथे बघा. एजंटला रस्त्याबद्दल विचारू नका.

१५,००० ऑक्सिजन सिलिंडरची अनामत, ‘पूर्ण परत मिळणारी’. सासूबाईंचा विषय मीच त्याच्यासमोर काढला होता. घरातल्या आजारपणाबद्दल अनोळखी माणसाला एक अक्षर सांगू नका, त्याचं बिल होऊन परत येतं.

शेवटचे ४,८०० जीएसटीचे. ते भरल्याशिवाय गाडीचा नंबर मिळत नाही म्हणे. पावती मात्र लगेच आली. पत्ता मनालीचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ ने. हिमाचलचा क्रमांक ०२ ने सुरू होतो, ०७ म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या पोर्टलवर हा क्रमांक कुणालाही फुकट तपासता येतो, मी तपासला तो सगळं संपल्यावर. गाडीचा नंबर आला, तो एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाकला तर स्कूटर निघाली. हे मात्र त्याच रात्री पाहिलं. लगेच फोन केला आणि पैसे परत मागितले. तो चिडलाही नाही. “क्लेरिकल मिस्टेक सर, सात दिवसांत रिफंड.” हे सात दिवस कशासाठी होते ते नंतर कळलं. तेवढ्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून एटीएममधून बाहेर. मग त्याने क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका, रिफंड येईल म्हणून. तिथे मी पिन टाकला नाही, एवढं श्रेय तरी मला द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

तर पोलीस. आमच्या भागातल्या ठाण्यात ड्युटीवरच्या साहेबांनी मला आधी पर्यटनाचा सल्ला दिला. “महाबळेश्वरला जायचं ना, एवढ्या लांब कशाला?” मग हद्दीचा प्रश्न निघाला. कंपनीचा पत्ता हिमाचलचा, तिकडे तक्रार करा. मी म्हटलं, पैसे इथे बसून पाठवलेत, माझं खातं इथलं आहे, आणि नव्या कायद्यात तर गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. साहेब म्हणाले, “तुम्ही वकील आहात का?” नाही. “मग अर्ज द्या.” अर्ज दिला. पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या हवालदाराकडे! पुढच्या खेपेला अर्ज सापडेना, पुन्हा लिहायला लावला, त्याच्या चार प्रती, प्रत्येकीला सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट जोडून. झेरॉक्सचेच ३८४ रुपये झाले. एफआयआर अजून नाही. पत्त्यावरच्या गावातल्या ठाण्यात फोन केला तर तिथले म्हणाले, तुमच्या ठाण्याकडून पत्र येऊ द्या. आमचं ठाणं म्हणतं, पत्र ऑनलाइन जातं. कुठे जातं ते कुणालाच माहीत नाही.

बँक त्याहून थोर. दर महिन्याला ‘आम्ही तुमची काळजी घेतो’ असा मेसेज पाठवणारी. शाखेत सांगितलं, व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलात, म्हणून तो अनधिकृत धरला जात नाही, नुकसानभरपाई बसत नाही. समोरच्या बँकेला तातडीने कळवा म्हटलं, तर ईमेल करा. ईमेल केला, उत्तर आलं: ‘कृपया आपल्या शाखेशी संपर्क साधा.’ ज्या बाईच्या नावाने पैसे गेले तिचं केवायसी कुठल्या तरी बँकेने केलंच असेल ना? आधार, पॅन, फोटो, सगळं घेतलं असेल. मला खात्याचा पत्ता बदलायला वीजबिल मागतात, आणि भाड्याने खाती देणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही.

तुमचं असं झालं तर ठाणं, शाखा, मेहुणा, सगळ्यांच्या आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. त्याच तासात. सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, क्रमांक जपून ठेवा. आणि हो, बाहेरच्या टॅक्सीला लडाखमध्ये पँगाँग-नुब्रा फिरू देत नाहीत, तिथली युनियन अडवते. ‘त्याच गाडीने सगळं’ म्हणणारा खोटं बोलतोय किंवा तुम्हाला अडकवणार आहे. भाड्याची म्हणून पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडी मिळत असेल तर तीही घेऊ नका.

माझ्या पोर्टलवरच्या तक्रारीचं फळ इतकंच की त्या खात्यात उरलेले २,१४० रुपये गोठवले गेले. ते माझेच आहेत हे सगळ्यांना मान्य आहे, पण सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा म्हणाले. ओळखीच्या वकिलाने फी सांगितली, ५,०००. ओळखीमुळे कमी केलेली.