'मेरी पॉपिन्स' की 'माय फेअर लेडी'? आधी गळा कुणाचा ते बघा

दोन्ही सिनेमे १९६४चे, दोन्ही पहिल्या महायुद्धाआधीच्या लंडनमधले, आणि दोन्हींच्या गोष्टीत ज्युली अँड्र्यूज आहेच. ब्रॉडवेवर १९५६ साली 'माय फेअर लेडी'ची नायिका, फुलवाली एलायझा, तिनेच गाजवली होती. पण सिनेमासाठी निर्माता जॅक वॉर्नरला तिकीटबारीवर चालणारं नाव हवं होतं, म्हणून भूमिका गेली ऑड्री हेपबर्नकडे. ज्युली डिस्नेची मेरी पॉपिन्स झाली.

जी दिसते तिचाच गळा ऐकायचा असेल, तर 'मेरी पॉपिन्स' लावा. ज्युली स्वतः गाते. साखरेच्या चमच्याच्या गाण्यात रॉबिन पक्षी शीळ घालतो ना, तीही तिचीच. डिक व्हॅन डाइकही स्वतःच गातो. त्याच्या लंडनी उच्चारांची मात्र अजून टिंगल होते.

'माय फेअर लेडी'त सगळी सरमिसळ. हेपबर्नने तालीम केली, गाणी रेकॉर्डही केली, पण बहुतेक ठिकाणी शेवटी मार्नी निक्सनचा आवाज घातला. श्रेयनामावलीत तिचं नावही नाही. (आपल्याकडे 'महल'च्या तबकडीवर आधी लताबाईंऐवजी 'कामिनी' छापलं होतं, सिनेमातल्या पात्राचं नाव!)

'जस्ट यू वेट' कान देऊन ऐका. सुरुवातीचा चिडका, घोगरा आवाज हेपबर्नचा. राजा भेटल्याचं स्वप्न सुरू होऊन चाल वर गेली की निक्सन, आणि शेवटी परत हेपबर्न. हा सांधा एकदा लक्षात आला की दरवेळी ऐकू येतो. मला तर ती घोगरी हेपबर्नच खरी फुलवाली वाटते.

एलायझावर भाळलेल्या फ्रेडीचं गाणंही बिल शर्लीचं, जेरेमी ब्रेट नुसते ओठ हलवतो. उलट एलायझाच्या प्राध्यापकाचं काम करणारा रेक्स हॅरिसन. आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर ओठ हलवणं त्याला मंजूर नव्हतं, म्हणून टायमध्ये माइक लपवून त्याने सेटवरच गाणी म्हटली. म्हटली म्हणजे काय, तालात बोललाच तो.

'माय फेअर लेडी'ला आठ ऑस्कर मिळाली. हेपबर्नला नामांकनही नाही, आणि अभिनेत्रीचं ऑस्कर ज्युलीला.

पोरं सोबत असतील तर 'मेरी पॉपिन्स'च बरा, सव्वादोन तासांत आटोपतो. पण 'ती फुलराणी' मनात घर करून असेल, तर पावणेतीन तासांवर वेळ काढून दुसराच बघा. 'ती फुलराणी' आणि 'माय फेअर लेडी' या दोन्हींचं मूळ शॉचं एकच नाटक, आणि 'जस्ट यू वेट' लागलं की 'तुला शिकवीन चांगलाच धडा' आठवणारच.