मकाव हनिमून: जुगार न खेळता कॅसिनोच्या खर्चाने मजा

लग्नात दोन्ही घरचे पैसे संपलेले, तरी नवऱ्याला हनिमूनला काहीतरी झगमगीत हवं होतं आणि मला थायलंड नको होतं कारण तिथे अर्ध्या कुडाळचे फोटो आधीच काढून झालेत. मकाव, म्हणजे हाँगकाँगजवळचं चीनमधलं कॅसिनोंचं शहर, म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला की कॅसिनोच बघायचाय तर पणजीला जा की, दोन तासाचा रस्ता. पण गंमत अशी की पणजीला मांडवीतल्या बोटींवर आत पाय टाकायलाच पैसे मोजावे लागतात, आणि मकावला जगातल्या सगळ्यात मोठ्या कॅसिनोंपैकी काही आहेत, आत जायला एक रुपया नाही. वय 21 पूर्ण पाहिजे, पासपोर्ट जवळ ठेवा, बस. खेळायची सक्ती कोणी करत नाही.

आणि हाच सगळा हिशोब आहे या शहराचा. 2006 ला जुगाराच्या कमाईत यांनी लास वेगासला मागे टाकलं, त्यामुळे खेळणाऱ्याला आत ओढायला प्रत्येक हॉटेलने बाहेर आणि लॉबीत काही ना काही फुकट तमाशा लावून ठेवलाय. तो बघायचा आणि टेबलाकडे न जाता बाहेर पडायचं, एवढं जमलं तर मकाव स्वस्त आहे. नवऱ्याला हे जमत नाही असं वाटत असेल तर सरळ महाबळेश्वरला जा.

आधी पोचायचं कसं. आम्ही मुंबई-हाँगकाँग विमान घेतलं आणि तिथून बसने. हाँगकाँगला भारतीयांना व्हिसा नको पण निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती फुकट आहे, एजंटला त्याचे पैसे देऊ नका. हाँगकाँग ते मकाव समुद्रावरचा तो 2018 ला सुरू झालेला 55 किलोमीटरचा पूल, त्यावरून बस आहे, तिकीट 65 हाँगकाँग डॉलर, फेरीबोटीपेक्षा खूपच कमी, आणि खिडकीजवळ बसलात तर मध्येच पूल समुद्राखाली बोगद्यात जातो ते बघायला मिळतं. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक चिठ्ठी देतात, ती जपून ठेवा. (मला शिक्का हवा होता, वाईट वाटलं.)

बॉर्डरवर उतरलं की मोठ्या हॉटेलांच्या चकाचक एसी बसेस, फुकट. तुम्ही त्या हॉटेलात राहता का हे आम्हाला कोणी विचारलं नाही. आम्ही जुन्या शहरातल्या गल्लीतल्या साध्या लॉजवर राहिलो आणि फिरलो मात्र पंचतारांकित बसने. जिथे अशी बस नाही तिथे साधी सिटी बस, कुठूनही कुठेही 6 पटाका (मकावचं चलन), म्हणजे साधारण साठ-सत्तर रुपये, पण सुट्टे लागतात, ड्रायव्हर उरलेले परत देत नाही.

खोली. खरा खर्च हाच आहे. शुक्रवार-शनिवारी चीन आणि हाँगकाँगवरून लोंढे येतात आणि भाडं दुपटीच्या वर जातं, त्यामुळे सोमवार ते गुरुवार बघा, चिनी नवीन वर्ष आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा तर विसराच. बुकिंग करताना दिसणाऱ्या किमतीवर 10 टक्के सर्व्हिस आणि 5 टक्के टुरिझम टॅक्स असतो, तो धरलाय का नाही ते आधी बघा. आमच्या लॉजचं नाव लिहीत नाही, स्वच्छ होता, पण खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत हाताला लागेल एवढी जवळ, आणि लिफ्टमध्ये दोन माणसं आणि एक बॅग की झालं. नवीन लग्न झालेल्यांना चालतं, आईवडिलांना नेऊ नका. केटल मात्र होती आणि तिनेच आम्हाला वाचवलं, पुढे सांगते.

बघायचं काय. विन मकाव हॉटेलच्या समोर तळ्यात कारंजी नाचतात, गाण्यावर, आणि आत घुमटाखाली जमिनीतून सोन्याचं झाड वर येतं, कधी झाडाऐवजी ड्रॅगन येतो, दोन्ही फुकट. कोताई भागात व्हेनेशियन हॉटेल, आत कालवे, वर रंगवलेलं आभाळ, दुपारी जा नाहीतर रात्री, तिथे कायम संध्याकाळच. गोंडोलाचं तिकीट महाग आहे, नका काढू, पुलावर उभे राहा, नावाडी गाणं म्हणतो ते वरूनच जास्त छान ऐकू येतं आणि त्यात बसलेल्या लोकांचे लाजलेले चेहरेपण दिसतात. तिथून आतल्या आत चालत पॅरिसियन हॉटेलला जाता येतं, त्यांचा अर्ध्या उंचीचा आयफेल टॉवर रात्री पेटतो. आमचे लग्नानंतरचे सगळ्यात बरे फोटो तिथलेच आहेत आणि आत्याला अजून ते पॅरिसचे वाटतात.

आता कॅसिनोच्या आत. फोटो काढायला बंदी. टेबलं मैदानासारखी पसरलेली आणि बहुतेक ठिकाणी पत्त्यांचा एकच खेळ, बॅकरॅट. एक साठीची बाई होती, साधा स्वेटर, भाजी आणायला निघाल्यासारखी पिशवी बाजूला. पत्ता पालथा ठेवून त्याचा कोपरा अंगठ्याने इतका हळू वर करत होती, मध्येच फुंकर मारायची, म्हणजे नको असलेला ठिपका उडून जावा म्हणून, आणि पत्ता उघडेपर्यंत पार चुरगळलेला, तो परत वापरतच नाहीत. हरली. चेहऱ्यावर काही नाही, परत चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या टिकल्या, सरकवल्या. आमच्या महिन्याच्या पगाराएवढ्या असतील. नवरा म्हणाला, "अगं, एकदा लावून बघू का?" मी पाटी दाखवली, किमान डाव काही शे हाँगकाँग डॉलर. गप्प बसला. वेगाससारखी फुकट दारू इथे मिळत नाही हेही त्याला तिथेच कळलं, ट्रॉलीवर पाणी आणि दुधाचा चहा घेऊन बायका फिरतात, तो चहा मात्र फक्कड.

पण मला विचाराल तर कॅसिनोपेक्षा जुनं शहर जास्त आवडलं, आणि तेही फुकटच. सेनादो चौकात काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा, रस्त्यांची नावं निळ्या-पांढऱ्या टाइलवर, पणजीच्या फोंतेन्हासमध्ये फिरल्यासारखंच वाटतं, फक्त पाट्या चिनीतपण. दोन्हीकडे पोर्तुगीज, आणि 1844 पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता, तर वाटणारच. सेंट पॉलचं चर्च 1835 च्या आगीत गेलं, समोरची भिंत तेवढी उभी आहे. आणि जुन्या गोव्यात ज्या फ्रान्सिस झेवियरचं शव आहे त्याच्या हाताचं हाड इथे सेंट जोसेफच्या चर्चमध्ये ठेवलंय. हनिमूनला हाडं बघायला आणलंस का, असं नवरा म्हणाला. असो.

सेंट पॉलकडे चढणाऱ्या गल्लीत खाऊची दुकानं, दारात बायका कात्री घेऊन उभ्या, वाळवलेल्या मांसाच्या पत्र्यासारख्या चकत्या कापून तुकडा हातात देतात, पुढच्या दुकानात बदामाची गरम बिस्किटं. चव बघायला फुकट. नवऱ्याचा नाश्ता झाला. शाकाहारी लोकांनी मात्र सावध, बिस्किटातसुद्धा काही ठिकाणी डुकराची चरबी असते, विचारून घ्या. मी मांस खात नाही, अंडं खाते, त्यामुळे माझं पोट चाललं ते रुखवतातल्या बेसन लाडवांवर, केटलमधल्या पाण्यात भिजवलेल्या रेडीमेड पोह्यांवर, आणि एग टार्टवर. टार्ट कोलोआने गावात लॉर्ड स्टोजमध्येच खा, 1989 पासूनची बेकरी, एका इंग्रज माणसाने सुरू केलेली. वरचा थर जळका-काळपट, कडा हाताला चुरा होते, आतलं गरम असतं, जीभ भाजते, तरी थांबवत नाही. बाहेर तलावासारख्या शांत पाण्याच्या काठावर बसून खायचं. जवळच काळ्या वाळूचा बीच आहे म्हणतात तो हाक सा, कोकणातल्या माणसाने त्यासाठी बस बदलू नये.

भारतीय जेवण आहे, पण महाग, एकदा गेलो, डाळीच्या बिलावर गावाकडे चौघं जेवतील.

पैशांचं एक सांगते. हाँगकाँग डॉलर सगळीकडे चालतात, एकास एक, पण एक डॉलर म्हणजे 1.03 पटाका आहे, म्हणजे तिथे थोडं नुकसान, आणि सुट्टे पटाक्यात परत देतात. मोठ्या नोटा मोडत बसू नका, कारण पूल ओलांडला की हाँगकाँगच्या दुकानात पटाका कोणी घेत नाही. आम्ही शेवटच्या दिवशी खिशातली सगळी चिल्लर लॉजच्या टेबलावर ओतून मोजली, बसचे दोन तिकिटाचे बाजूला काढले आणि उरलेल्याचे टार्ट घेतले.