भाग्यनगरची गिरणी : शाळूला पाचपैकी पाच, मिरचीला दोन

निवृत्तीनंतर घरातलं पहिलं खातं माझ्याकडे आलं ते दळणाचं. त्याआधी डबा कोण नेतं, कोण आणतं, मला पत्ता नव्हता. आता आठवड्यातून दोनदा तिथल्या बाकावर बसतो, तेव्हा चार शब्द लिहायचा हक्क माझा आहे.

गिरणी बेळगावात, भाग्यनगरात, अनगोळच्या अंगाला. पाटीवर 60 टक्के कन्नड हवंच, असा कायदा कर्नाटकात आल्यावर 2024 साली ती नव्यानं रंगवली. वर ठळक कन्नड, खाली मराठी, तेही इतकं बारीक की मला चष्मा लावावा लागतो. पण पाटी वाचून कुणी येतच नाही. आत गेलं की गिरणीवाले अण्णा कन्नडात एकच विचारतात, "सण्ण का दप्प?" म्हणजे बारीक का जाडं. हे दोन शब्द आता आमच्या गल्लीतल्या अस्सल मराठी आज्ज्यांच्याही तोंडात बसलेत.

नवख्याला इथली रांग कळत नाही. आधी आला त्याचं आधी दळून मिळेल, ही आशा सोडायची. सकाळी सगळं झाडून-पुसून पहिलं उपासाचं, वरई नि राजगिरा. मग तांदूळ, मग गहू, त्यामागं शाळू, नाचणी आणि शेवटी हरभऱ्याची डाळ. आमच्या शेजारी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार राहतात. गहू घेऊन ते सकाळी सातला सगळ्यांच्या आधी हजर, आणि पुढं तांदळाचे पाच डबे. त्यांनी आवाज चढवला तर अण्णा शांतपणे म्हणाले, "स्वल्प तडीरी." म्हणजे जरा थांबा. सुभेदार तडले. दुसरा इलाज काय?

हा क्रम उगीच नाही. एकदा मी घाई केली, "नाचणीवरच घाला की वो माझे गहू" म्हणालो. अण्णांनी तीनदा विचारलं, मी तीनदा होय म्हणालो. त्या आठवड्यात घरात राखेच्या रंगाच्या चपात्या झाल्या आणि त्यांचं खापर गिरणीवर फोडायची सोयही नव्हती.

शाळूचं पीठ मात्र एक नंबर. एकाच धान्याचं इथं दोन तऱ्हेनं दळतात. समोरच्या अक्कांना कडक रोटी करायची असते, पापडासारखी पातळ, त्यांना अगदी सण्ण लागतं. आमच्या भाकरीला त्याहून जरासं भरड चालतं. शाळू एका वेळी तीन किलोच न्यावा. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापताना कडा फाटतात. अण्णा जास्त दळूनच देत नाहीत, धंद्याचं नुकसान झालं तरी. मागच्या बोळातल्या मारवाडी काकू बाटीसाठी रवाळ गहू नेतात. रमजान आला की पलीकडच्या गल्लीतल्या चाची खिचड्याचे गहू भरडायला येतात. कुठला डबा कुणाचा, हे अण्णा नावावरून नाही, पोच्यावरून ओळखतात. आमच्या डब्याला झाकणापाशी एक आहे, तो मी आता ठोकून घेत नाही.

तक्रारी? आहेत. वीज गेली की तासभर बाकावर. दिवाळीआधी चकलीच्या भाजणीसाठी एकच दिवस ठरलेला, तो चुकला तर घरी मिक्सरशी झटापट. 1 नोव्हेंबरला गिरणी दरवर्षी बंद. त्या दिवशी गावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे सीमाप्रश्नावरून मराठी लोकांचा काळा दिवस. अण्णांना विचारलं तर म्हणतात, "मशिनला तेलपाणी करायचं असतं की हो." बरोबर त्याच तारखेला. पुढं कुणी विचारत नाही.

मिरची मागच्या खोलीत, वेगळ्या मशिनवर. तिथं मात्र मी दोनच गुण देईन. रंगाला ब्याडगी नि झणक्याला संकेश्वरी, असं मिसळून दिलेलं आमचं तिखट परत आलं ते बियांसकट जाडंभरडं, आणि दोन दिवस शिंका थांबल्या नाहीत. गहू-शाळूसाठी डोळे मिटून जा. मिरची कुटायला दुसरीकडे न्या, आणि पीठ गरम असताना डब्याला झाकण लावू नका, आत घाम सुटून गुठळ्या होतात. दर बुधवारी हे मला घरी सांगून पाठवतात, आणि दर बुधवारी मी झाकण लावूनच येतो.