कन्फ्यूशियसचा वर्ग की एआयचं पुस्तक?

मुलांकडून आधी ग्रंथ पाठ करून घ्यायचे की थेट टॅब्लेट हातात द्यायचा? निवड करायची असेल तर पूर्व आशियातली दोन टोकं बघून घ्या.

चीनमध्ये पठणवर्गांचं पेव फुटलं. कन्फ्यूशियससारख्या प्राचीन चिनी विचारवंतांचे अभिजात ग्रंथ आधी तोंडपाठ करा, अर्थ मागाहून कळेल, असा हिशेब. स्मरण आणि बैठक पक्की होते, नाही असं नाही. पण काहींनी शाळाच सोडवून मुलांना दिवसभर घोकायला बसवलं. शेवटी 2019 मध्ये शिक्षण मंत्रालयाने बजावलं, की सक्तीच्या शिक्षणाला हा पर्याय नाही. आणि विचार न करता शिकणं फुकट, असं तर खुद्द कन्फ्यूशियसच सांगून गेलाय!

दक्षिण कोरियाने मार्च 2025 मध्ये गणित, इंग्रजी आणि संगणकासाठी एआय पाठ्यपुस्तकं आणली. ज्याला जसं झेपेल तसा सराव. पालक-शिक्षकांचा विरोध होताच. ऑगस्टमध्ये संसदेने त्यांचा पाठ्यपुस्तकाचा दर्जा काढून ती पूरक साहित्यात ढकलली.

खरं तर ‘ज्याला जसं झेपेल तसं’ हे कन्फ्यूशियसचंच तंत्र. ऐकलेलं लगेच आचरणात आणू का, असं झलू या शिष्याने विचारलं. घरात वडीलधारे आहेत, आधी त्यांना विचार, असं उत्तर मिळालं. हाच प्रश्न रान यौने विचारला, तर ‘लगेच आण’. तिसरा शिष्य चक्रावला. गुरू म्हणाला, रान यौ मागे राहतो म्हणून त्याला ढकललं. झलू दोघांचा उत्साह घेऊन धावतो म्हणून आवरलं. अ‍ॅपला बरोबर-चूक आणि लागलेला वेळ दिसतो. पोरगं उतावळं आहे की बुजरं, हे वर्गातल्या बाईंनाच कळतं.

म्हणून माझं मत: चौथीपर्यंत बाईच हव्यात, रोज थोडं पाठांतर, तेही अर्थासकट. पुढे गणिताच्या सरावाला अ‍ॅप खुशाल घ्या. चाळीस वह्या तिथल्या तिथे कुणाच्याने तपासून होत नाहीत.

फक्त घेताना एक बघा. एक कोपरा दाखवल्यावर बाकीचे तीन ज्याने शोधले नाहीत, त्याला कन्फ्यूशियस पुन्हा शिकवत नसे. बरीच अ‍ॅपं मूल अडलं रे अडलं की चौथा कोपराही दाखवून मोकळी होतात. बाईंना हिंट बंद ठेवता येत नसेल, तर ते अ‍ॅप घेऊ नका.