आंब्याचा हंगाम आणि नवा फोन: 4 नॅनोमीटर की 12, बोट की आवाज?

पहिल्या पेट्या सुटायच्या आत फोन बदलून टाकू, असं आमच्या देवगड-रत्नागिरी पट्ट्यात बऱ्याच बागायतदारांचं ठरतं. मग दुकानदार एक आकडा पुढे करतो, "ही 4 नॅनोमीटरची चिप, ती 12 ची." शिवाय हल्ली तो असंही म्हणतो की आता टाइप कशाला करायचं, नुसतं बोला. या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या तरी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

आधी आकडा. चिपवर ट्रान्झिस्टर म्हणजे वीज चालू-बंद करणारे बारीक स्विच असतात, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग. 1971 च्या इंटेल 4004 या चिपवर साधारण 2,300 ट्रान्झिस्टर होते आणि ती 10 मायक्रॉनची, म्हणजे 10,000 नॅनोमीटरची होती. 2023 च्या ॲपल ए17 प्रो या 3 नॅनोमीटरच्या चिपवर 1,900 कोटी आहेत. ट्रान्झिस्टर लहान झाला की तो चालू-बंद करायला वीज कमी लागते आणि फोन कमी तापतो. मे महिन्यात कलमाखाली उभं राहून, पडदा पूर्ण उजळवून फोटो पाठवणाऱ्याला हा फरक हाताला जाणवतो.

पण 4 नॅनोमीटर हे आता माप राहिलेलं नाही, ते पिढीचं नाव झालंय. चिपमध्ये 4 नॅनोमीटरचा असा कुठला भाग मोजून दाखवता येत नाही. स्नॅपड्रॅगन नावाच्या फोनच्या चिपा घ्या. 8 जेन 1 ही सॅमसंगने बनवलेली आणि 8 प्लस जेन 1 ही टीएसएमसी या तैवानच्या कंपनीने बनवलेली. दोन्ही 4 नॅनोमीटरच्या, तरी दुसरी बरीच कमी वीज खाते. उलट स्नॅपड्रॅगन 4 जेन 2 ही स्वस्त फोनातली चिपही 4 नॅनोमीटरचीच, आणि ग्राफिक्समध्ये ती 2019 च्या 7 नॅनोमीटरवाल्या स्नॅपड्रॅगन 855 च्या मागे पडते. म्हणून चिपचं पूर्ण नाव विचारा. हेलिओ जी85 सारखी 12 नॅनोमीटरची चिप व्हॉट्सॲप, हिशोब आणि यूपीआय यांना पुरते, फक्त ती 4जी वरच थांबते. तुमच्या वाडीत 5जी ची रेंजच येत नसेल तर त्याचं दुःख करायचं कारण नाही.

आता आवाज. गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोलून लिहिण्याची सोय ऑगस्ट 2017 मध्ये आली. बोललेलं दूरच्या सर्व्हरवर जाऊन तिथे ओळखलं जातं, की फोनातच, हा खरा प्रश्न. फोनात व्हायचं तर चिपमध्ये तेवढा दम हवा आणि त्या भाषेची सोयही फोनात उतरवलेली हवी. पावसाळ्यात वीज गेली की पाठोपाठ टॉवरही जातो, तेव्हा हा फरक कळतो. दुकानातच विमान मोड लावा आणि एखादा लांबलचक पत्ता मराठीत सांगून बघा. पडद्यावर काही उमटलं नाही, तर आवाजाच्या नावाखाली जास्त पैसे मोजू नका. पुस्तकी मराठी बरी उमटते. मालवणीत "माका व्हया" (मला हवं) म्हटल्यावर काय लिहिलं जाईल याचा मात्र नेम नाही.

माझ्या मते आवाज पत्त्यांसाठी आणि लांब निरोपांसाठी, आणि आकडे बोटानेच. अडीचशे, पावणेदोनशे, साडेतीन डझन हे यंत्राच्या हवाली करून पेटीचा भाव चुकवण्यात शहाणपण नाही. शिवाय दलाल शेजारी उभा असताना पुण्याच्या गिऱ्हाईकाला दिलेला भाव फोनला मोठ्याने कोण सांगेल?

बोटाचीही अडचण आहेच. हा पडदा बोटामुळे होणारा विजेचा बारीक बदल टिपतो. त्यावर पाण्याचे थेंब पडले की तो गोंधळतो, आणि हाताला चीक लागलेला असला तर पडद्याला हात लावायची इच्छाही होत नाही. हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावात तर दोन्ही बाजूंनी पंचाईत, हात ओले आणि आरडाओरडा एवढा की माइकला काही ऐकू जाऊ नये. मासळीवाल्यांना मी सरळ बटणांचा फोन सुचवेन. मार्च 2022 पासून यूपीआय 123पे मुळे त्यावरूनही पैसे पाठवता येतात. ऑक्टोबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याची एका व्यवहाराची मर्यादा 5,000 वरून 10,000 रुपये करायचं जाहीर केलं.

मग बोलून चालवायच्या स्मार्ट चष्म्यांचं काय? रे-बॅन मेटा भारतात मे 2025 मध्ये 29,900 रुपयांपासून आले. त्याआधी ह्यूमेन कंपनीचा छातीवर लावायचा, तळहातावर अक्षरं पाडणारा 699 डॉलरचा एआय पिन आला होता, तो फेब्रुवारी 2025 मध्ये बंदही झाला. हे प्रयोग दुसऱ्यांच्या पैशांनी होऊ द्या.

बागायतदाराने 6 नॅनोमीटरच्या आसपासचा मधला फोन घ्यावा. तारकर्लीला घरगुती राहण्याची सोय चालवत असाल आणि गुजराती, बंगाली पाहुण्यांशी भाषांतर करत बोलावं लागत असेल, तर मात्र चांगल्या चिपवर खर्च करा, कारण तिथे आवाज हेच रोजचं काम आहे. आणि किनाऱ्यावर वापरायचा असेल तर आयपी68 हा पाण्यापासून बचावाचा शिक्का बघून निर्धास्त होऊ नका. ती चाचणी गोड्या पाण्यात होते. खाऱ्या पाण्यात भिजला तर आधी साध्या पाण्याने हलकेच धुवा, आणि चार्जिंगची खोबण पूर्ण वाळल्याशिवाय वायर लावू नका.