सांगायला जड जाणाऱ्या दाव्याचे अपील आणि काउंटीच्या कार्यालयातली मोफत मदत

सातारा जिल्ह्यातून अमेरिकेत आलो, ग्रीन कार्डावर इथल्या सैन्यात भरती झालो आणि अफगाणिस्तानातली नेमणूक संपवून घरी परतलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. पीटीएसडीसाठी, म्हणजे भयंकर अनुभवांनंतर जडणाऱ्या मानसिक आजारासाठी, मला भरपाई मिळत होती. पण त्या आजारावरच्या औषधाने लिंगाला ताठरता न येण्याचा जो त्रास वाढला, त्याचा दावा करायला मी चार वर्षे लावली, आणि तो फेटाळला गेल्यावर अपील करावे की नाही या विचारात आणखी पाच महिने घालवले. त्या अपिलात आमच्या काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, माजी सैनिक सेवा कार्यालयाने केलेल्या मदतीविषयी आणि एकूण अपील व्यवस्थेविषयी हे लिहीत आहे, कारण इथल्या सैन्यात नोकरी केलेल्या ओळखीच्या मराठी माणसांत हा विषय निघाला की आवाज खाली जातो आणि कागद जागचे हलत नाहीत.

आधी पैशांचे स्पष्ट करतो. माजी सैनिक व्यवहार विभागाच्या, म्हणजे व्हीएच्या, अपंगत्व-तक्त्यात हा त्रास ७५२२ या क्रमांकाखाली येतो आणि त्याला शून्य टक्के अपंगत्व दिले जाते; भरपाई या टक्क्यांवर ठरते. १४ नोव्हेंबर २०२१ पूर्वी लिंगाची विकृती आणि ताठरतेचा अभाव ही दोन्ही असली तर २० टक्के मिळत असत. ती तरतूद त्या दिवसापासून गेली. ज्यांना आधी टक्के मिळाले होते त्यांचे ते केवळ नियम बदलला म्हणून कमी करता येत नाहीत. शून्य हा आकडा पाहून दाव्याचा विचार सोडून देणारे मी पाहिले आहेत आणि मला त्याचे फार वाईट वाटते. शून्य टक्के असले तरी त्रास सेवेशी निगडित ठरला की जननेंद्रियाची उपयुक्तता गमावल्याबद्दलचा विशेष मासिक भत्ता, ज्याला सगळे ‘एसएमसी-के’ म्हणतात, तो मूळ भरपाईच्या वर मिळतो. २०२५ मध्ये त्याचा दर दरमहा १३६.०६ डॉलर होता. तरीही शून्य ही नोंद मला मनापासून खटकते. तक्ता कमाईच्या क्षमतेतली सरासरी घट मोजतो, त्यामुळे नवरा-बायकोच्या आयुष्यातून काय गेले हे त्याच्या मापात येतच नाही.

माझा दावा फेटाळला गेला तो वैद्यकीय तपासणीच्या अहवालामुळे. एका कंत्राटी दवाखान्यातल्या तपासनीसाने दहा-बारा मिनिटांत प्रश्न उरकले आणि वय व रक्तदाब हीच कारणे असल्याचे लिहून टाकले. मला रक्तदाब आहे हे खरेच होते आणि थोडी तक्रार आधीपासून होती हेही खरे होते, म्हणून निकालाचे पत्र वाचल्यावर मला वाटले की विषय संपला. शिवाय अनोळखी माणसाला पुन्हा तेच सगळे सांगायचे या कल्पनेनेच अंगावर काटा यायचा.

काउंटीच्या कार्यालयातल्या सेवा अधिकाऱ्यांनी तो अहवाल माझ्यासमोर दोनदा वाचला आणि त्यात काय लिहिलेले नाही ते दाखवून दिले. एखादा त्रास आधीच मान्य झालेल्या आजाराशी जोडायचा असेल तर दोन स्वतंत्र प्रश्न विचारावे लागतात: त्या आजारामुळे किंवा त्याच्या औषधामुळे हा त्रास उद्भवला का, आणि उद्भवला नसला तरी त्यामुळे तो वाढला का. तपासनीसाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते आणि दुसऱ्याबद्दल एक अक्षरही लिहिले नव्हते. माझी सगळी बाजू त्या दुसऱ्या प्रश्नातच होती. मी पीटीएसडीसाठी घेत असलेल्या सर्ट्रालीनसारख्या औषधांच्या माहितीपत्रकातच लैंगिक दुष्परिणाम छापलेले असतात, पण ते माझ्या बाबतीत घडले असे कोणीतरी लिहून द्यावे लागते, हे मला त्या दिवशी समजले.

१९ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या कायद्याने निकालानंतर तीन वाटा ठेवल्या आहेत. पूरक दाव्यात नवा आणि दाव्याशी संबंधित पुरावा द्यावा लागतो. वरिष्ठ फेरतपासणीत नवा पुरावा चालत नाही, आहे त्याच कागदांवर वरिष्ठ अधिकारी पुन्हा निर्णय देतो. आणि तिसरी वाट थेट अपील मंडळाच्या न्यायाधीशाकडे जाते. वर्षाच्या आत यांपैकी एक वाट धरली आणि दावा शेवटी मान्य झाला, तर थकबाकी सामान्यतः मूळ दाव्याच्या तारखेपासून धरली जाते. मी रागाच्या भरात थेट न्यायाधीशाकडे जायला निघालो होतो. अधिकाऱ्यांनी समजावले की मंडळाकडे गेल्यावर, अहवाल अपुरा आहे म्हणून प्रकरण नव्या तपासणीसाठी परत खाली पाठवले जाण्याचीच शक्यता जास्त. त्यापेक्षा उणीव आपणच भरून पूरक दावा करावा. अशा त्रासांत, जिथे सगळे एका वैद्यकीय मतावर अडलेले असते, तिथे मीही आता हीच वाट सुचवेन.

उणीव भरायला तीन कागद लागले. मानसोपचार डॉक्टरांनी अर्ध्या पानाचे पत्र दिले. त्यात, औषधामुळे त्रास वाढलेला असण्याची शक्यता निदान तो न वाढल्याच्या शक्यतेइतकी तरी आहे, असे कारणांसह लिहिले होते. कायद्याला एवढेच पुरते, कारण पुरावा दोन्ही बाजूंनी समसमान असेल तर शंकेचा फायदा माजी सैनिकाला द्यायचा असतो. दुसरा कागद औषधांच्या नोंदीचा. सर्ट्रालीनची मात्रा ५० वरून १०० आणि पुढे १५० मिलिग्रॅम झाल्याच्या तारखा, आणि त्यानंतर सिल्डेनाफिल हे ताठरतेसाठीचे औषध पहिल्यांदा लिहून दिल्याची तारीख, हे शेजारी-शेजारी ठेवल्यावर आधी किती त्रास होता आणि नंतर किती झाला ते आपोआप दिसले.

तिसरा कागद माझ्या बायकोच्या निवेदनाचा. ती दोन रात्री लिहीत बसली होती. इंग्रजीत लिहायचे असले तरी आधी मराठीत लिहून पाहते म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आले की या गोष्टीसाठी घरात वापरता येईल असा शब्दच आपल्याकडे नाही. एक शिवीसारखा आहे आणि दुसरा वैद्यकाच्या पुस्तकातला. शेवटी तिने कोणताच शब्द न वापरता, कोणत्या वर्षापर्यंत आमचे कसे होते आणि कोणत्या वर्षानंतर मी खोलीत यायचे टाळू लागलो, एवढेच लिहिले. सेवा अधिकाऱ्यांनी त्यात एकही दुरुस्ती सुचवली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

या कार्यालयाबद्दल तक्रार एकच. भेटीची वेळ मिळायला पाच आठवडे लागले, आणि वर्षाची मुदत संपत आलेल्या माणसाला ते परवडणारे नाही. बाकी सेवा पूर्ण मोफत आहे. मान्यताप्राप्त वकील केला तर तो पहिल्या निकालाआधी शुल्क घेऊ शकत नाही आणि नंतर सहसा थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंत घेतो, त्यातही गैर काही नाही. पण मान्यता नसताना दाव्याचे कागद भरून देण्यासाठी पैसे मागणाऱ्यांपासून कृपया दूर राहा. आणखी एक गोष्ट मला कोणी आधी सांगायला हवी होती: तपासणीत गुप्तांगांची शारीरिक तपासणी नाकारता येते, आणि नाकारल्याची नोंद करायला तपासनीसाच्या छापील फॉर्ममध्ये जागाही असते. हे माहीत असते तर मी चार वर्षे थांबलो नसतो.

पूरक दाव्यानंतर झालेल्या दुसऱ्या तपासणीतल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी लिहिली. निकाल पावणेचार महिन्यांनी आला: सेवेशी निगडित, शून्य टक्के, आणि खालच्या ओळीत एसएमसी-के मंजूर, मूळ दाव्याच्या तारखेपासून. बायकोने पत्र वाचले, पुराव्यांच्या यादीत आपल्या निवेदनाची नोंद शोधून काढली आणि त्या ओळीवर थोडा वेळ बोट ठेवून बसली.