नीमराणा फोर्ट पॅलेस: राजाने सोडलेला, मग हॉटेल झालेला किल्ला

दिल्ली-गुडगावात राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, वीकेंडला कुठे जाऊ, पहिलं नाव राजस्थानातल्या नीमराणाचंच निघतं. आई-बाबा पुण्याहून आलेले, त्यांना किल्ले म्हणजे जीव की प्राण, म्हणून आम्हीपण तिथेच राहायला गेलो. रूम, नाश्ता, स्विमिंग पूल यावर नेटवर ढीगभर लिहिलेलं आहे, ते मी शेवटी थोडक्यात उरकतो. मला खरी आवडली ती या जागेची स्टोरी, आणि ती माहीत नसेल तर झरोक्यात बसून फोटो काढायचे नि परत यायचं, एवढंच होतं बघा.

पृथ्वीराज चौहान ११९२ ला तराईनच्या लढाईत घोरीकडून हरला हे आपण शाळेत शिकतो आणि विषय तिथेच संपतो. त्याच्या वंशजांचं पुढे काय झालं हे कोण विचारतो? तर ते जागा बदलत बदलत अरवलीच्या या टेकड्यांत आले आणि १४६४ मध्ये इथे राजधानी केली. आधी इथे निमोला मेव नावाचा सरदार होता, तो हरला तेव्हा त्याने म्हणे एवढंच मागितलं की गेलेल्या राज्याला माझं नाव असू द्या, त्यावरून नीमराणा. दंतकथा असेलही, पण बाबांना अख्ख्या किल्ल्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली, जेवताना पण तेच चालू.

आता पुढचा भाग जास्त इंटरेस्टिंग आहे. १९४७ ला राजा राजिंदर सिंग यांनी किल्ला सोडला, लढाईबिढाई काही नाही, दर्शनी भाग ढासळायला लागला होता म्हणून खाली विजय बागेत राहायला गेले. पुढची चाळीसेक वर्षं हे एवढं मोठं धूड गळ्यात, विकायचं तर घेणार कोण! अमन नाथ आणि फ्रान्सिस वाक्झियार्ग (हे मूळचे फ्रेंच, नंतर भारतीय नागरिक झाले, २०१४ ला गेले) राजस्थानातल्याच शेखावाटी भागातल्या चित्रांच्या हवेल्यांवर पुस्तक करत होते, त्या भटकंतीत १९७७ ला त्यांना हे पडकं दिसलं. १९८६ मध्ये मित्रांना सोबत घेऊन विकत घेतलं, डागडुजी सुरू केली आणि १९९१ ला मोजक्या खोल्या उघडून हॉटेल चालू केलं. आधी सगळं चकाचक करू मग उघडू असं नाही केलं, जेवढं तयार झालं तेवढं चालवायचं आणि पुढचं काम करत राहायचं. ही आयडिया मला फार पटली, कारण सगळं एकदम करायला बसले असते तर पैसेच संपले असते असं आपलं माझं मत.

त्यामुळेच की काय, आतून हे हॉटेल वाटतच नाही. टेकडीच्या उतारावर १४ टप्प्यांत वर चढत गेलेलं बांधकाम, एका चौकातून जिना, जिन्यातून गच्ची, गच्चीतून परत बोळ, आपली रूम सापडेपर्यंत भुलभुलैयात फिरल्यासारखं होतं. दोन रूम एकसारख्या नाहीत, प्रत्येकीला महाल नाहीतर विलास असं नाव. आमच्या रूमची भिंत एवढी जाड की खिडकीच्या कोनाड्यात आई मांडी घालून आरामात बसली होती चहा घेऊन, बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत हात लावला तर भिंत गार.

एक मात्र सांगतो, जुनं कुठलं आणि नंतर बांधलेलं कुठलं हे नुसतं बघून कळत नाही. नवीन भाग पण जुन्याच ढंगात बांधलेत, स्विमिंग पूल आणि झुलत्या बागा तर उघडच नंतरच्या, पण बाकीचं आपण सगळं पंधराव्या शतकातलं समजून माना डोलवत फिरतो. माझं म्हणणं आहे की अशा ठिकाणी पडझड झालेली असतानाचे फोटो जागोजागी लावावेत, कारण खरं कौतुक त्या दुरुस्तीचंच आहे.

बाबांशी वाद झाला तो वेगळाच. २०१९ ला आपल्याकडे २५ किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देणार अशी बातमी आली आणि केवढा गदारोळ झाला आठवतंय ना, मग सरकारने खुलासा केला की शिवरायांशी संबंधित किल्ल्यांना हात लावणार नाही. बाबा तेव्हा भयंकर चिडलेले, आणि इथे गच्चीत बसून म्हणाले, हे छान केलंय रे यांनी. मी म्हटलं मग आता? तर म्हणाले हे राजाचं खाजगी घर होतं, त्याने विकलं, यांनी घेतलं, आपले गड कोणाच्या मालकीचे आहेत सांग. पॉइंट बरोबर आहे. पण सावंतवाडीकरांनी बांधलेल्या, आता गोव्यात असलेल्या तेरेखोल किल्ल्यात हॉटेल काढलं तेव्हा कोणी एवढं बोललं नव्हतं, असं मी म्हणालो, त्यावर त्यांनी चहा मागवला.

बाकी कामाचं: गुडघ्यांचा त्रास असेल तर बुकिंग करतानाच खालच्या टप्प्यावरची रूम मागा, चढ आणि पायऱ्या भरपूर आहेत. मुलांना झिपलाइन आवडेल, २००९ पासून आहे. राहायचं बजेट नसेल तर दिवसाचं तिकीट काढून बघता येतं का ते फोन करून विचारा, वीकेंडला गर्दी असते. दिल्लीहून साधारण १२० किमी, पण जयपूर हायवेवर ट्रक एवढे की सकाळी लवकर निघालात तरच मजा. वाटेत जपानी कंपन्यांचे कारखाने दिसतील, चक्रावू नका, तिथे जपानी इंडस्ट्रियल झोनच आहे. आणि गावातली नऊ मजली बावडी (पायऱ्यांची विहीर) बघितल्याशिवाय परत फिरू नका, बरेच पाहुणे किल्ल्यातूनच थेट गाडीत बसतात. उन्हं चढायच्या आत जा, टोपी घ्या, आणि मुलांचा हात सोडू नका, काठाला कठडा असेलच अशा भरवशावर राहू नका.